विश्लेषण : खोल बुडीत ‘रिब्रीदर’मधील वायूंचे मिश्रण का ठरते जीवनमरणाचे?

पाण्याखाली प्राणवायू कमी पडला की माणूस दगावतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण प्राणवायू पुरेसा असतानाही केवळ श्वासाचा वायू ‘जड’ झाल्याने जीव जाऊ शकतो. रिब्रीदर वापरणाऱ्या पाणबुड्यांसाठी गेल्या काही वर्षांत वायूंच्या घनतेची मर्यादा आणि प्रशिक्षणाचे टप्पे निश्चित झाले, त्यामागे असेच अनुभव आहेत.

बुशमन्स होलमध्ये काय घडले?

ऑस्ट्रेलियन वैमानिक डेव्हिड शॉ ८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेत २७० मीटर खोल उतरले. डिसेंबर १९९४ मध्ये तिथे बुडालेल्या डिऑन ड्रेयर या तरुणाचा मृतदेह त्यांना वर आणायचा होता. ऑक्टोबर २००४ मधील बुडीत तो शॉ यांनाच तळाशी दिसला होता. मृतदेह पिशवीत भरताना दोरीचा गुंता झाला, श्रम वाढले, धाप लागली आणि काही मिनिटांत शॉ यांचा मृत्यू झाला. त्यांच्या हेल्मेटवरील कॅमेऱ्यात श्वासाचा आवाज टिपला गेला होता. न्यूझीलंडचे डॉ. सायमन मिचेल आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. प्राणवायूचा तुटवडा हे मृत्यूचे कारण नव्हते. प्रचंड दाबाखाली दाट झालेला वायू फुप्फुसांतून आत-बाहेर करणे अशक्य होत गेले आणि कार्बन डायऑक्साइड शरीरात साचला, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

रिब्रीदर म्हणजे काय?

मालवण-तारकर्लीला पर्यटक वापरतात त्या स्कूबा संचात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. रिब्रीदरमध्ये तोच श्वास नळ्यांच्या बंद चक्रातून फिरतो. ‘स्क्रबर’ नावाच्या डब्यातील सोडा लाइम त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि शरीराने वापरला तेवढाच प्राणवायू यंत्र पुन्हा सोडते. ६० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सातपट असतो. त्यामुळे मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा पाणबुड्या साध्या संचातून तिथे १४० लिटर वायू संपवतो. रिब्रीदरवर मात्र शरीराला लागणारा प्राणवायू, म्हणजे मध्यम श्रमात मिनिटाला साधारण एक लिटर, एवढाच खर्च होतो. महागडे हेलियमही वाचते.

साधी हवा का चालत नाही?

कारणे तीन. पहिले, प्राणवायू दाबाखाली विषारी ठरतो. त्याचा अंशदाब १.६ बार ही सर्वसाधारण कमाल मर्यादा मानली जाते आणि हवेतील प्राणवायू सुमारे ६६ मीटरवर ती गाठतो. त्यापुढे पाण्यातच आकडी येण्याचा धोका असतो. दुसरे, ३० मीटरच्या पुढे नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते आणि निर्णयशक्ती मंदावते. तिसरे, घनता. पृष्ठभागावर हवेची घनता लिटरला सुमारे १.३ ग्रॅम असते, ती ६० मीटरवर ९ ग्रॅम होते. गेविन अँथनी आणि मिचेल यांनी २०१६ मध्ये शिफारस केली, की श्वासाच्या वायूची घनता शक्यतो ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ ग्रॅमच्या पुढे जाऊच देऊ नये. साध्या हवेच्या बाबतीत या मर्यादा अनुक्रमे ३१ आणि ३९ मीटरवरच संपतात.

मग मिश्रण ठरते कसे?

अधिक खोलीसाठी प्राणवायू, हेलियम आणि नायट्रोजन यांचे ‘ट्रायमिक्स’ वापरतात. हेलियम हलके असते आणि गुंगी आणत नाही. रिब्रीदरवर दोन टाक्या असतात : एक शुद्ध प्राणवायूची, दुसरी तो पातळ करणाऱ्या वायूची, म्हणजे ‘डायल्यूएंट’ची. चक्रातील प्राणवायूचा अंशदाब साधारण १.२ ते १.३ बारवर स्थिर ठेवतात. संवेदकांवर शंका आली, तर चक्रात डायल्यूएंट भरून ते धुऊन काढता यावे लागते. म्हणून सर्वांत खोल ठिकाणीही डायल्यूएंटमधील प्राणवायूचा अंशदाब या आकड्याच्या खाली हवा. ६० मीटरच्या बुडीसाठी १५ टक्के प्राणवायू आणि ५५ टक्के हेलियम घेतले, तर प्राणवायूचा अंशदाब १.०५ बार आणि मिश्रणाची घनता सुमारे ४.८ ग्रॅम भरते. दोन्ही आकडे मर्यादेत बसतात. आणखी खोल जाताना डायल्यूएंटमधला प्राणवायू आणखी कमी करावा लागतो. मात्र असे मिश्रण पृष्ठभागाजवळ श्वासात घेतले, तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. याशिवाय यंत्र बंद पडल्यास वर येण्यापुरता वायू वेगळ्या टाक्यांत न्यावा लागतो. त्याला ‘बेलआऊट’ म्हणतात. तोही घनतेच्या याच हिशेबात बसवावा लागतो, कारण संकटात धाप लागलेल्या माणसाला तोच ओढायचा असतो.

प्रशिक्षणाची मानके काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने (आयएसओ) रिब्रीदर प्रशिक्षणासाठी स्वतंत्र मानके केली आहेत. डीकम्प्रेशनची गरज नसलेल्या बुड्या हा पहिला टप्पा. त्यानंतर डीकम्प्रेशनसह ४५, ६० आणि १०० मीटर असे टप्पे येतात. डीकम्प्रेशन म्हणजे रक्तात मुरलेला वायू बाहेर पडावा म्हणून वर येताना ठरावीक खोलींवर थांबणे. टीडीआय, आयएएनटीडी यांसारख्या प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रमही टप्प्याटप्प्याने जातात आणि प्रमाणपत्र सहसा विशिष्ट यंत्रापुरते असते. एका बनावटीवर शिकलेला दुसऱ्यावर आपोआप पात्र ठरत नाही.

तरीही अपघात का होतात?

डॉ. अँड्र्यू फॉक यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार १९९८ ते २०१० या काळात रिब्रीदरवर १८१ मृत्यूंची नोंद झाली. साध्या संचाच्या तुलनेत मृत्यूचा धोका चार ते दहापट असल्याचा त्यांचा अंदाज आहे. या यंत्रात बिघाड गाजावाजा न करता होतो. साध्या संचातला वायू संपत आला की श्वास ओढणे जड जाते. रिब्रीदरमधला प्राणवायू घटला, तरी श्वास पूर्वीसारखाच चालू राहतो आणि शुद्ध हरपते. बुडीपूर्वी पाच मिनिटे यंत्रावर श्वास घेऊन स्क्रबर तपासण्याची पद्धत आहे. मात्र न्यूझीलंडमधील प्रयोगात स्क्रबर अर्धवट निकामी केला असता बहुतेकांना ते कळलेच नाही. २०१२ च्या ऑर्लँडो येथील तिसऱ्या रिब्रीदर परिषदेने लेखी तपासयादी वापरण्यावर भर दिला. विमान उडवण्यापूर्वी वैमानिक करतात तशी ही तपासणी असते. पाठ झाली म्हणून वगळायची नसते.

हेलियमच्या पुढे काय?

सुमारे १५० मीटरच्या पुढे हेलियममुळे हातपाय थरथरण्याचा त्रास सुरू होऊ शकतो आणि घनतेचा प्रश्नही पुन्हा उभा राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी न्यूझीलंडमधील पिअर्स रिसर्जन्स या गुहेत रिब्रीदरवर हायड्रोजनचा वापर करून २३० मीटरची बुडी मारली. थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून २०१८ मध्ये फुटबॉलपटू मुलांना बाहेर काढण्याच्या मोहिमेतील भूलतज्ज्ञ ते हेच. हायड्रोजन हेलियमहून हलका, पण प्राणवायूशी मिसळल्यास स्फोटक असतो. त्यामुळे हा प्रयोग इतरांसाठी पायंडा ठरत नाही. बहुतांश पाणबुड्यांसाठी सूत्र साधेच राहते : उतरण्यापूर्वी घनतेचा हिशेब मांडावा आणि तो बसत नसेल, तर खोली कमी करावी. ज्या बुडीत तळाशी अंगमेहनतीचे काम आहे, तिथे ही मर्यादा अधिकच काटेकोर पाळावी लागते.