युद्ध सरल्यावर (लेखांक ५) : शेकोटीपुढची माफी

गेल्या आठवड्यात आपण दक्षिण आफ्रिकेच्या सत्यशोधन आयोगाचं काम पाहिलं. आज पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनकडे वळू. ज्याने आपल्या बापाला मारलं तोच शेजारी राहतो, पाणवठ्यावर आणि मशिदीत रोज समोर येतो. त्याच्याशी वागायचं कसं, हा इथल्या गावांपुढचा प्रश्न होता.

मार्च १९९१ मध्ये लायबेरियाच्या हद्दीतून बंडखोर कैलाहुन जिल्ह्यात शिरले. युद्ध थांबायला जानेवारी २००२ उजाडला. अंदाजे ५० हजार माणसं मेली, कित्येकांचे हात तोडले गेले. बंडखोरांनी हजारो मुलं पळवली आणि अनेकांना आपल्याच गावकऱ्यांवर हात टाकायला लावला, म्हणजे पोराला परतायला तोंड उरू नये. या कैलाहुनचं नाव भारतीय सैन्याच्या चांगलं लक्षात आहे. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या गुरखा जवानांना तिथेच वेढा पडला होता. ‘ऑपरेशन खुकरी’ने तो फोडला.

१९९९ च्या लोमे शांतता करारात बंडखोरांना सरसकट माफी देण्यात आली. पुढे विशेष न्यायालयाने लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्यासह नऊ जणांना युद्धगुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं. बिशप जोसेफ हम्पर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन आयोगही बसला. पण गावागावातला हिशेब तसाच राहिला. तो मिटवण्यासाठी मानवाधिकार कार्यकर्ते जॉन कॉकर यांनी ‘फंबुल टॉक’, म्हणजे घरातली बोलणी, हा उपक्रम उभा केला.

तयारीला काही महिने जातात. मग एका संध्याकाळी गाव शेकोटीभोवती जमतं. ज्याच्यावर अन्याय झाला तो उठून सगळ्यांदेखत सांगतो. ज्याने केला तो पुढे येऊन कबुली देतो, वाकून माफी मागतो. दुसऱ्या दिवशी पूर्वजांच्या स्थानी विधी होतो. देशात मुसलमान बहुसंख्य, ख्रिस्ती बरेच, आणि दोन्ही धर्मांची माणसं एकाच कुटुंबात सापडतात. त्यामुळे इमाम, पाद्री आणि पूर्वज या तिघांचाही मान राखला जातो. युद्धकाळातही आंतरधर्मीय परिषदेचे मौलवी आणि बिशप मिळून बंडखोरांशी बोलणी करत होते.

या उपक्रमावरच्या २०११ च्या माहितीपटात दोन मित्र आहेत. बंडखोरांनी एकाला दुसऱ्याच्या वडिलांचा जीव घ्यायला लावला, मित्रालाही बेदम मारायला लावलं. तो कायमचा अधू झाला. त्यानंतर दोघं एकाच गावात अबोल्याने राहिले. शेकोटीपुढे गुन्हा कबूल झाला, माफी मागितली गेली आणि अधू मित्राने ती दिली. त्याला दिसत होतं की मित्राच्या हातून हे बंदुकीच्या धाकाने घडलं. बालपणीची माया युद्धाने मोडली होती, पण मेली नव्हती.

हे वाचून मन भरून येतं, पण पुढचंही ऐकायला हवं. २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात २०० गावांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. जिथे असे मेळावे झाले तिथे माफी देण्याचं प्रमाण वाढलं, मैत्री वाढली, लोक सार्वजनिक कामाला जास्त पैसा देऊ लागले. त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघाताची लक्षणंही वाढली. दोन्ही परिणाम जवळपास तीन वर्षांनंतरही दिसत होते. जखम उघडी करून सांगितल्याचा फायदा गावाला मिळाला आणि त्याची किंमत माणसांनी एकेकट्याने मोजली.

माझ्या मते या प्रयोगाचा खरा धडा हाच आहे. क्षमा थोर आहे, म्हणूनच ती पीडिताकडून फुकट घेऊ नये. ज्या गावाला त्याच्या क्षमेमुळे शांतता लाभते, त्या गावाने त्याच्या शेतीला हातभार लावायला हवा, त्याच्या दुखण्यावर उपचार मिळवून द्यायला हवेत, आणि ज्याला माफ करणं जमत नाही त्यालाही तितक्याच मानाने जवळ बसवायला हवं. हे करणाऱ्या गावालाच कोणाकडे क्षमेची अपेक्षा धरण्याचा अधिकार आहे.

(पुढील आठवड्यात : रवांडाची गचाचा न्यायालयं)