प्राणवायूचे माप

जैन परंपरेत संसारी जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत : पाच इंद्रिये, मन-वचन-काया ही तीन बले, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. एकेंद्रिय वनस्पतीच्या वाट्याला त्यांतील चारच प्राण येतात, पण त्या चारांतही श्वासोच्छ्वास आहेच. श्वासाला एवढे मोल देणाऱ्या समाजातील अनेक वृद्धांच्या पलंगाशेजारी आज ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिसतो. २०२१ च्या साथीत कित्येक सामाजिक संस्थांनी ही यंत्रे खरेदी करून गरजूंना वापरण्यास दिली. यंत्र अनामत रकमेवर सहज मिळते. ते किती चालवावे, हे मात्र घरातील माणसे बहुधा अंदाजानेच ठरवतात. प्राणवायू हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते, ही गोष्ट तेथेच नजरेआड होते.

अन्नाचा साठा शरीर चरबीच्या रूपाने करून ठेवते. म्हणूनच अठ्ठाई किंवा मासक्षमण करणारे तपस्वी केवळ पाण्यावर राहू शकतात. प्राणवायूचे गोदाम मात्र शरीरात नाही. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो आणि शरीरात असलेला साठा जेमतेम काही मिनिटांचा असतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. फुप्फुसातून रक्तात शिरल्यावर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन त्याची वाहतूक करते. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूवर चार जागा असतात. पेशींत पोहोचलेला प्राणवायू अन्नातील शर्करेचे ज्वलन पुरे करतो. त्याच्याविना शर्करेच्या एका रेणूतून ऊर्जेची दोनच एकके हाती लागतात. त्याच्या साहाय्याने सुमारे तीस.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर सांगतो ते या जागांपैकी किती भरल्या आहेत एवढेच. आकडा ९७ असेल तर गाडी जवळजवळ भरलेली आहे. फलाटावर आणखी माल आणून टाकल्याने ती अधिक नेणार नाही. तरीही धाप लागत असेल, तर तिचे कारण हृदयाची दुर्बलता, रक्तक्षय, शक्तिहीन झालेले स्नायू किंवा मनाची भीती यांत शोधावे लागते. नाकातील नळी त्यावर उपाय नव्हे.

उपयोग कोणाला होतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले आहे. फुप्फुसाच्या जुनाट विकाराने, म्हणजे सीओपीडीने, ज्यांच्या रक्तातील प्राणवायू विश्रांतीतही फार खाली गेलेला असतो, त्यांना दिवसाकाठी पंधरा तास वा अधिक प्राणवायू दिल्यास आयुष्य वाढते, असे १९८० व १९८१ साली अमेरिका व ब्रिटनमधील चाचण्यांत दिसून आले. याउलट, ज्यांची पातळी थोडीच उणी होती अशा रुग्णांच्या २०१६ मधील अमेरिकी चाचणीत मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होणे यांत फरक पडला नाही.

अतिरेकाने हानीही होते. सीओपीडीच्या रुग्णाला रात्री धाप लागते, मुलगा वा सून मायेने यंत्राचा प्रवाह दोनवरून पाच लिटरवर नेते, आकडा ९८ होतो आणि घर निश्चिंत होते. पण रक्ताची फेरी एकेरी नसते. परतीच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड फुप्फुसात उतरवायचा असतो. रुग्ण फुप्फुसाच्या निकामी भागांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या शरीराने आकसून ठेवलेल्या असतात. अतिरिक्त प्राणवायू पोहोचताच त्या सैलावतात, रक्त हवा न खेळणाऱ्या भागांकडे वळते आणि परतीचा माल तसाच साचतो. अशा रुग्णांत श्वास मंदावण्याची भीतीही असते. सकाळची डोकेदुखी, अवेळी गुंगी, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. ‘आज बाबा शांत झोपले आहेत’ असे घरच्यांना वाटते, तेव्हा कदाचित ती झोप नसतेच. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. त्यासाठी धमनीतील रक्ताची एबीजी तपासणी करावी लागते.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे रुग्णवाहिकेतील रुग्णांवर झालेली आणि २०१० साली प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. धाप लागलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना सरसकट मोठ्या प्रवाहाने, तर काहींना पातळी ८८ ते ९२ टक्क्यांत राहील इतकाच प्राणवायू दिला गेला. पहिल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ४ टक्के. म्हणून सीओपीडीच्या रुग्णासाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवतात. पंचाण्णवचा आग्रह घरच्यांनी धरू नये. प्रवाह किती, हे चिठ्ठीवर लिहून घेऊन यंत्रालाच चिकटवावे.

देवघराचा विषय नाजूक आहे, पण टाळता येण्याजोगा नाही. प्राणवायू स्वतः पेटत नाही. मात्र कपड्यांत, केसांत, अंथरुणात तो मुरलेला असला तर लहानशी ठिणगीही भडकते. तुपाचा दिवा, धूप आणि आरतीचे तबक रुग्णापासून किमान दहा फूट दूर असावे. नळी लावून वृद्धांनी स्वतः आरती ओवाळू नये. नाक कोरडे पडते म्हणून तेल, तूप किंवा व्हॅसलिन लावणेही धोक्याचे. पाण्यावर आधारित मलम मिळते.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपल्या घरांना फारसे शिकवावे लागणार नाही. आर्द्रतेच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी उत्तम. ते नसल्यास उकळून गार केलेले चालते. ते रोज बदलायचे आणि बाटली रोज धुवायची. उकळलेले पाणी ठरावीक प्रहरांपलीकडे न ठेवण्याची रीत येथे आपोआप उपयोगी पडते.

यात्रेचा प्रश्न उरतो. सम्मेद शिखरजीचा माथा सुमारे १,३५० मीटर उंच असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. खाली आकडा ठीक असलेल्या रुग्णाचा तो वर उतरू शकतो, आणि डोलीत बसल्याने चढण्याचे श्रम वाचले तरी हवा विरळच राहते. तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडे सहा मिनिटे चालण्याची चाचणी करून घ्यावी. सोबत न्यायच्या लहान यंत्राची बॅटरी जाण्यायेण्याच्या पूर्ण काळास पुरेल का, याचा हिशोब तिकीट काढण्याआधी करावा.