यादीबाहेरची मराठी पुस्तके

मराठीतील उत्तम पुस्तकांची यादी कुणीही करायला घेतली, की पहिली सात-आठ नावे विचार न करताच येतात. ‘श्यामची आई’, ‘ययाती’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘कोसला’, पु. लं.ची दोन-तीन, आणि मग जरा आठवून ‘स्मृतिचित्रे’ किंवा ‘रणांगण’. या पुस्तकांशी भांडण नाही. त्यांनी आपली जागा कमावलेली आहे. भांडण आहे ते यादीवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. जे यादीत नाही ते त्या तोडीचे नसणार, असते तर आपल्या कानावर आले असते, असे आपण धरून चालतो. चांगले पुस्तक आज ना उद्या वर येतेच, हा विश्वास त्यामागे असतो. मराठी ग्रंथव्यवहाराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या विश्वासाला फारसा आधार देत नाही. पुस्तके आपोआप वर येत नाहीत, ती कुणीतरी वर काढावी लागतात. तो कुणीतरी वेळेवर भेटतो की नाही, हे पुष्कळदा पुस्तकाच्या गुणांवर अवलंबून नसते.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या छोट्या पुस्तकाचे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे. बुलढाण्याच्या या बाईंनी ते १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्याचे. १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू झाला. ताराबाईंनी त्याला दिलेले उत्तर विनवणीचे नाही. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि तो पुरुषांत किती पटीने आहे ते दाखवत जातात. देवादिकांच्या कथा, शास्त्रकारांचे नियम, त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या नायिका यांतले काहीही त्या सोडत नाहीत. भाषा घरगुती, म्हणींनी भरलेली, आणि उपरोध असा की आजही वाचणारा पुरुष जागच्या जागी चुळबुळतो. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र या पुस्तकावर जवळजवळ संपूर्ण शांतता पसरली, आणि ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघालेच नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा मराठी वाचकाला अशी कुणी लेखिका होऊन गेली हे नव्याने कळले. मधल्या त्र्याण्णव वर्षांत पुस्तकातला एक शब्दही बदललेला नव्हता. काळ हाच खरा परीक्षक असे म्हणणाऱ्यांनी या त्र्याण्णव वर्षांत त्या परीक्षकाने नेमके काय तपासले, ते सांगायला हवे.

आज ज्यांना आपण अभिजात म्हणतो, त्यांतल्याही काहींचे नशीब असेच टांगणीला होते. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७च्या धामधुमीतला आपला प्रवास १८८३च्या सुमारास लिहून काढला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये छापला, तोही स्वतःचे संस्कार करून; मूळ बाडाबरहुकूम ‘माझा प्रवास’ वाचायला मिळाला तो दत्तो वामन पोतदारांमुळे, १९६६ मध्ये. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ची गोष्ट याच धाटणीची. १८६३ मध्ये निघालेले हे पुस्तक म्हणजे कापसाच्या सट्ट्याने मुंबई वेडी होऊन बुडण्यापूर्वीचे आणि किल्ल्याचा तट पुरता जमीनदोस्त होण्यापूर्वीचे शहर. बाजार, देवळे, तळी, छापखाने, गिरण्या, आगगाडी, नाना जातींचे लोक आणि त्यांचे धंदे, सगळे एका चौकस मास्तराच्या नजरेतून. १९६१ मध्ये न. र. फाटकांनी त्याची नवी आवृत्ती काढली. मुंबईवर मराठीत इतके लिहिले जाते, पण शहराच्या या पहिल्या सविस्तर मराठी वर्णनाचे नाव अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते.

जुनेपणा हे विस्मरणाचे एक कारण झाले. काही लेखक स्वतःच्याच दुसऱ्या कामगिरीच्या सावलीत जातात, आणि मराठीत हे वरचेवर घडले आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर म्हणजे ज्ञानकोशकार, एवढे समीकरण पाठ झाले की त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या हे सांगावे लागते. ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) ही त्यांतली आधी वाचावी अशी. तिची नायिका कालिंदी बापाच्या घरातून बाहेर पडते आणि एका लिंगायत दुकानदाराबरोबर लग्नाविना राहू लागते. तिच्या आईच्या जन्मावरून समाजाने या कुटुंबाला जो डाग लावला, त्याचा हा पुढचा हिशेब आहे. त्याच सुमाराच्या इतर कादंबऱ्यांत नायिकेचा प्रश्न बहुधा मनाचा असतो. केतकरांकडे तो जातीचा, वारशाचा, कायद्याचा आणि उपजीविकेचा होतो. कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहिलेला समाजशास्त्रज्ञ इथे माणसे हलवून पाहतो आहे, हे पानोपानी जाणवते. त्यांची वाक्ये ओबडधोबड आहेत, पात्रे मधूनच व्याख्यान देऊ लागतात, आणि कलावादी समीक्षकांनी नाक मुरडले ते अगदीच अकारण नव्हते. पण कालिंदीच्या निर्णयाला इतक्या बाजूंनी भिडणारी कादंबरी त्या दशकात दुसरी दाखवणे अवघड आहे. दुर्गा भागवतांना हे उमगले होते, म्हणून त्यांनी ‘केतकरी कादंबरी’ असे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. जाता जाता, केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई यांचे ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ हे आत्मकथनही हाती आले तर सोडू नये. मूळच्या एडिथ कोहन या जर्मन ज्यू बाई १९२०च्या पुण्यात सून म्हणून आल्या, कर्जात बुडालेला ज्ञानकोश आणि संसार दोन्ही त्यांनी पाहिले, आणि विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतरही केले.

हमीद दलवाईंचे तेच झाले. १९६६चा सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा आणि १९७०चे मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांमुळे त्यांचे नाव वादात राहिले, आणि अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ‘इंधन’ (१९६५) ही त्यांची कादंबरी या गदारोळात मागे पडली. दुखऱ्या हृदयाचा एक माणूस विश्रांतीसाठी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या देखत गाव पेटत जाते, एवढाच तिचा सांगाडा. सुधारकाने लिहिलेली कादंबरी म्हणून उपदेशाची धास्ती घेऊन वाचायला बसलेल्याची निराशा होईल. तिच्यात निर्दोष असे कुणी नाही, निवेदकही नाही. हिंसा बाहेरून येत नाही. शेजार, जमीन, जुने अपमान आणि शरीराच्या भुका यांतूनच ती शिजते. जमातींच्या भांडणावर मराठीत इतके थंड डोक्याने फार थोड्यांनी लिहिले आहे.

लेखकाचा पत्ता हेही एक मोठे कारण असते, आणि त्याची चर्चा आपल्याकडे चारचौघांत सहसा होत नाही. प्रकाशक पुण्या-मुंबईत, परीक्षणे तिथेच, वाङ्मयीन गप्पाही तिथेच. ‘कोसला’ १९६३ची. त्याच वर्षी अमरावतीच्या मनोहर तल्हारांची ‘माणूस’ आली, सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या आयुष्यावरची. पहिलीवर पिढ्या पोसल्या गेल्या, दुसरीचे नाव विदर्भाबाहेर सांगताना लेखकाचा परिचय करून द्यावा लागतो. दोन्ही कादंबऱ्या एका तोलाच्या आहेत असा दावा नाही. पण दोहोंच्या प्रसिद्धीतले अंतर गुणांतल्या अंतरापेक्षा कितीतरी जास्त आहे, एवढे वाचणाऱ्याला सहज दिसेल. शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’ (१९५४) माळव्यातल्या मराठी माणसांची आहे. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव हिंदीत युगप्रवर्तक कवी ठरले. धाकट्यांनी मराठीत लिहायचे ठरवले आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठीच्या वाट्याला येते ते दुर्लक्ष त्यांच्याही वाट्याला आले. गोमंतकाच्या बाजूने महाबळेश्वर सैल आहेत, कोकणी आणि मराठी दोन्हींत लिहिणारे. पोर्तुगिजांच्या धर्मांतराने उलथलेल्या गावांची त्यांची ‘तांडव’ ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला तलवारींच्या खणखणाटाशिवायचा इतिहास दाखवते.

फलटणच्या बेबी कांबळे यांच्याबाबतीत पत्ता, जात आणि बाईपण ही तिन्ही कारणे एकत्र आली. छोटे किराणा दुकान चालवताना गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्या लिहीत आणि कागद घरच्यांच्या नजरेआड ठेवीत. असे वीसेक वर्षे चालले. फलटणला राहणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या पुस्तकरूपाने बाहेर आले. आता ते विद्यापीठांत इंग्रजीतून शिकवले जाते, पण ज्या घरांत ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ आहेत तिथेही हे पुस्तक असतेच असे नाही. दलित आत्मकथनांची एक ठरलेली वाट तोवर पडली होती: एका मुलाचे शिक्षण, अपमान, शहर, जागृती. बेबीताई ‘मी’पाशी फार रेंगाळत नाहीत. त्या सगळ्या महारवाड्याचे जगणे सांगतात, सण आणि उपासमार, देवी अंगात येणाऱ्या बाया, आणि सवर्णांचा जुलूम जितक्या स्पष्टपणे तितक्याच स्पष्टपणे घरातल्या सासुरवाशिणींचे हाल. स्वतःच्या माणसांबद्दल हे लिहायला जो कणखरपणा लागतो, तो आंबेडकरी चळवळीतून त्यांना मिळाला आणि चळवळीच्या आजच्या वारसांना चार शब्द सुनवायलाही तो त्यांनी वापरला.

रूप अवघड म्हणून बाजूला राहिलेली पुस्तके हा वेगळाच मामला आहे. कमल देसाई यांच्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या लघुकादंबऱ्यांचे कथानक सांगू गेले तर हाती काही लागत नाही, कारण त्या गोष्टीपेक्षा प्रतिमांच्या बळावर चालतात. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) काळाचा क्रमच मोडते. पुढे ते इंग्रजीकडे वळले आणि मराठीने एक कादंबरीकार जवळपास गमावला. विलास सारंगांचा ‘सोलेदाद’ (१९७५) हा कथासंग्रह आणि ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही कादंबरी यांत मराठी मध्यमवर्ग नाही, चाळ नाही, आजोळ नाही. इराकमधल्या बसरा इथे शिकवत असताना पाहिलेले जग, हुकूमशाहीच्या छायेतले परकेपण, आणि मुद्दाम कोरडी ठेवलेली वाक्ये. मराठी वाक्य आपोआप हळवे होते, अशी तक्रार ज्यांना असेल त्यांच्यासाठी सारंग हा उतारा आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की यातली बरीच पुस्तके दस्तऐवज म्हणून मोलाची आहेत, साहित्य म्हणून नव्हेत. केतकर आणि माडगावकर यांच्याबाबत तो अंशतः खरा आहे. पण ही विभागणी आपण सोयीने करतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) दीर्घकाळ मिशनऱ्याचे प्रचारपुस्तक म्हणून बाजूला ठेवली गेली. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीची परंपरा तिच्यापासून मोजायला घेतली, तेव्हा तिच्यातल्या विधवांच्या हकिकतींचे वजन पुन्हा लक्षात आले. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: अपरिचित नावे घेणे ही वाचकांतली एक ऐट असते. असते खरी. आणि विसरलेली बहुतेक पुस्तके विसरण्याच्याच लायकीची असतात, हेही मान्य करावे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना इतिहासकारांच्या हवाली करून वाचकाने निर्धास्त राहावे. गंमत म्हणजे ही दोन्ही आपल्या काळात लोकप्रिय होती. म्हणजे खप आणि विस्मरण, दोन्हींवरून पुस्तकाविषयी सारखेच थोडे कळते. उघडून पाहण्याला पर्याय उरत नाही. म्हणूनच शिफारस सरमिसळ असावी. एकाच प्रकारची दहा अनोळखी पुस्तके सुचवणारा आपली आवड सांगत असतो. दुर्लक्षाची निरनिराळी कारणे ओळखून सुचवणारा वाचकाला त्याच्या स्वतःच्या वाचनातल्या रिकाम्या जागा दाखवतो.

उरली अडचण पुस्तके मिळण्याची, आणि ती खरीच आहे. मराठीत ललित पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी प्रतींची. ती संपली की पुढची निघेपर्यंत वर्षे जातात. तरी परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळे होते, त्यामुळे माडगावकर, पदमनजी, ताराबाई, केतकर आज कुणालाही छापता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने कितीतरी दुर्मिळ ग्रंथ संगणकावर फुकट वाचायला ठेवले आहेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अनुदानित वाचनालयांचे जाळे आहे, तिथली खरेदी सभासदांच्या मागणीकडे पाहून होते, आणि मागणीच्या वहीत बहुधा तीच ती नावे येतात. तिथे ‘इंधन’ लिहायला पैसे पडत नाहीत. सुरुवात करायची तर ताराबाईंपासून करावी, एका बैठकीत संपतात. मग ‘जिणं आमुचं’, मग दलवाई. केतकरांना सलग सुट्टी लागते. सारंग मात्र या सगळ्यांनंतर.