कॉम्प्युटरची जुनी चोपडी बंद होते तेव्हा…

हिंजवडीचे आय.टी. पार्क आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. जगभरच्या कंपन्यांचे सॉफ्टवेअर तेथे सांभाळले जाते. मात्र त्याच तालुक्यातील छोट्या दुकानदाराचे सॉफ्टवेअर जुने झाले, तर त्याने काय करावे हे त्याला कोणी सांगत नाही. ठेच लागली तेव्हा आम्हाला कळले.

आमच्या कापड दुकानातील हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बंद होत असल्याची सूचना कंपनीने दिली होती. ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. पुढे ऐन ईदच्या हंगामात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. नव्या मशीनवर जुने सॉफ्टवेअर बसेना. बॅकअप हाती होता, पण तो उघडणार कशात? तीन वर्षांची उधारी बिलबुकांवरून पुन्हा लिहून काढावी लागली. ज्यांची बिले सापडली नाहीत, त्यांची रक्कम बुडाली.

सपोर्ट बंद म्हणजे सॉफ्टवेअर त्याच दिवशी थांबते असे नव्हे. दुरुस्त्या थांबतात, व्हायरसपासून बचाव थांबतो, कराचे नवे नियम त्यात येत नाहीत. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ अनेक जुन्या मशीनवर बसत नाही.

यात सगळा दोष कंपन्यांचाच असतो असेही नाही. टॅलीचेच पाहा. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. त्यांना मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते तयार केले. १९८६ च्या सुमाराची ही गोष्ट. ते डॉसवर चालत असे. पुढे विंडोज आले, १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला, २०२० मध्ये टॅलीप्राइम आले. प्रत्येक जुनी आवृत्ती कायम सांभाळणे कोणत्याही कंपनीस परवडणारे नाही. पण आपला हिशेब सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे. जी.एस.टी. कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. ‘सॉफ्टवेअर बंद पडले’ ही सबब तेथे चालत नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

सपोर्ट संपण्याची तारीख कळताच ती कॅलेंडरवर लिहावी. जुने सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच खतावणी, मालाचा साठा आणि येणे-देणे एक्सेल व पी.डी.एफ.मध्ये काढून घ्यावे. त्याची एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवावी. दरवर्षी ३१ मार्चच्या येणे-देण्याची यादी कागदावर छापून घ्यावी. नवे सॉफ्टवेअर घेतल्यावर एक महिना दोन्हीकडे नोंदी कराव्यात आणि दोन्हीकडची बाकी जुळली तरच जुने सोडावे. विकत घेण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : “उद्या तुमचे सॉफ्टवेअर सोडले, तर माझा हिशेब मला बाहेर काढता येईल का?”

उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरे दुकान पाहावे. कापडाचा रंग जातो की राहतो हे आपण पाण्यात बुडवून पाहतो. हिशेबाचा मालही तसाच पारखून घ्यावा.