गामा किरण आणि आपले बियाणे

शेलूबाजार परिसरात खरिपात सोयाबीन, तूर, उडीद ही पिके घेतली जातात. या पिकांचे काही वाण गामा किरणांच्या साहाय्याने तयार झालेले आहेत. उडदाचा टीएयू-१ (१९८५) व सोयाबीनचा टीएएमएस-३८ (२००५) हे त्यांपैकी होत. नावातील 'टी' म्हणजे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र, तर 'ए' म्हणजे अकोल्याचे कृषि विद्यापीठ. असे बियाणे पेरणे व खाणे सुरक्षित आहे काय?

प्रत्येक पेशीत गुणधर्म ठरविणारा डीएनएचा धागा असतो. किरणांमुळे तो तुटू शकतो. पेशी तो बहुधा नीट सांधते. सांधताना चूक राहिल्यास होणाऱ्या कायमच्या बदलास उत्परिवर्तन म्हणतात. माती, हवा, अन्न व आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. मात्रा कमी असल्यास चुकीची शक्यता कमी; परंतु ती शून्य धरीत नाहीत. म्हणून विनाकारण क्ष-किरण तपासणी टाळावी; डॉक्टरांनी सांगितल्यास घाबरू नये.

वाण संशोधनात बियाण्यास याच्या सुमारे लाखपट मात्रा देतात. बहुतेक बदल निरुपयोगी वा अपायकारक ठरतात. पुढील पिढ्यांतील असंख्य झाडांतून मोजकी निवडावी लागतात. अशाच एका टपोऱ्या दाण्याच्या उडदाचा टी-९ वाणाशी संकर करून टीएयू-१ मिळाला.

गामा किरण बियाण्यात साठून राहत नाहीत. बियाणे किरणोत्सारी होत नाही. तेव्हा शेतकरी बंधूंनी असे वाण निःशंकपणे पेरावेत. घरचे बियाणे वापरताना उगवणशक्ती मात्र अवश्य तपासावी.