पूर्ण आकडा

दारू सोडणाऱ्याच्या घरातून बाटली बाहेर काढता येते. जुगार सोडणाऱ्याच्या घरातून पैसा कसा काढणार? दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो, मार्केट यार्डात कांद्याची पट्टी मिळते, ऊसबिल खात्यावर जमा होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी व्यसनमुक्तीच्या बैठकीला बसलो, तेव्हा तिथलं बरंचसं बोलणं याच पेचाभोवती चाललं होतं. बैठक मूळची दारूवाल्यांची. आता तिथे रमीवाले, मटकेवाले, क्रिकेटवर पैसे लावणारेही येतात. इथलं नाव-गाव बाहेर न्यायचं नाही, या अटीवर मला बसू दिलं.

पद्धत जुनी आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या धर्तीवर १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये जुगाऱ्यांची गॅम्बलर्स अनॉनिमस सुरू झाली. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्येच प्रश्न नाही, सल्ला नाही. जुगाऱ्यांसाठी या गटाने स्वतःचा एक नियम वाढवलाय: जिंकल्याचं सांगायचं नाही. एक तरुण पहिल्याच रात्री मिळालेल्या रकमेवर आला, तशा चार-पाच माना वर झाल्या. बैठक चालवणाऱ्या काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. “दारुड्यासमोर बूच उघडायचं नाही, भाऊ. हरल्याचं सांग.”

हरल्याचं सांगताना सगळ्यांची गोष्ट एकाच वळणावर येते: गेलेले तेवढे परत आणू, मग थांबू. जुगाराचं व्यसन ओळखण्यासाठी गॅम्बलर्स अनॉनिमसची वीस प्रश्नांची यादी आहे. हरल्यावर लवकरात लवकर परत जाऊन भरपाई करावीशी वाटते का, हा त्यातला एक प्रश्न. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ साली जुगाराला दारू-अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी जागा दिली. इथल्या लोकांना त्यासाठी पुस्तिका लागली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्याबद्दल एक जण म्हणाला, “रमी बंद झाली तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. माझे पैसे आत राहिले असंच वाटायचं.”

मटक्यात वय गेलेले एक आजोबा यावर मान हलवत होते. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी १९६०च्या दशकात मुंबईतून फैलावलेल्या त्या खेळात आकडा लावायला पेढीवर जावं लागे, ओपन-क्लोजची वाट बघावी लागे. “तेवढ्यात कधीमधी शुद्ध यायची,” ते म्हणाले. फोनवर तेवढीही सवड नसते.

खरं काम बैठक उठल्यावर सुरू होतं. नव्याने आलेल्या एकाने कर्ज दीड लाख सांगितलं होतं. काकांनी वही उघडली आणि शांतपणे रकाने आखले. बँक. पतसंस्था. बायकोच्या नावावर बचत गटातून उचललेले. लोन ॲप. मेव्हण्याकडचे. महिना पाच टक्क्यांनी घेतलेले. बेरीज दुपटीवर गेली तरी काका पेन खाली ठेवेनात. “अजून एक असतं,” ते म्हणाले. बऱ्याच वेळाने त्याने बायकोकडे न बघता गहाण टाकलेल्या पोतीचं सांगितलं.

या शेवटच्या आकड्यासाठी एवढा खटाटोप का, ते काकांनी मला नंतर समजावलं. उघड केलेलं कर्ज दुधातून, मजुरीतून फेडायचा हिशेब मांडता येतो. लपवलेलं कर्ज घरच्या पैशातून फेडता येत नाही, कारण घराला ते माहीतच नसतं. मग ते फेडायला एकच जागा उरते, खेळाची. याच कारणाने नातेवाइकांनी एकरकमी कर्ज फेडून टाकायलाही गटाचा विरोध असतो. पाटी कोरी झाली की उधारीची दारं पुन्हा उघडतात. हप्ता लहान असला तरी चालेल, पण तो त्याने स्वतः नेऊन भरायचा.

बाकीची व्यवस्था साधी आहे. एटीएम कार्ड बायकोकडे. हातात बटणाचा फोन. पट्टी आणायला जाताना सोबत भाऊ. खिशात रोजचे शंभर रुपये आणि संध्याकाळी त्यांचा हिशेब. हे ऐकताना नवा माणूस कसनुसा झाला. त्याची बायको मात्र पहिल्यांदाच बोलली: “दारूचा वास तरी येतो. ह्यांचं काहीच कळायचं नाही. मोबाईल बघत बसलेत, एवढंच दिसायचं.”

निघताना त्याने आजोबांना विचारलं, कार्ड परत कधी मिळतं?

“माझं अजून म्हातारीकडंच आहे,” आजोबा म्हणाले. “मागितलं तर देईल. मीच मागत नाही.”