कासव चालते, रेघ उमटते

पोरगी लॅपटॉपपुढे बसली की आपण ओरडतो, "खेळ पुरे!" मीही ओरडलो होतो. पण पुतणी म्हणाली, "काका, हा खेळ नाही. बसा, एक गुंठा काढून दाखवा."

१९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा निघाली. पुढे तिच्यात कासव आले. ते सांगाल तसे चालते आणि मागे रेघ सोडते. तेच कासव आज 'पायथन' या फुकट मिळणाऱ्या भाषेत आहे. आज्ञा इंग्रजी अक्षरांत, आकडा कंसात. पहिली ओळ 'फ्रॉम टर्टल इम्पोर्ट' आणि पुढे एक चांदणी. फाइलला मात्र 'टर्टल' हे नाव देऊ नका, नाहीतर संगणक तुमचीच फाइल कासव समजून अडून बसतो.

गुंठ्याची बाजू ३३ फूट. फुटाला पाच ठिपके धरले, तर 'फॉरवर्ड १६५', मग 'लेफ्ट ९०'. असे चार वेळा केले की चौकोन मिटला. चारदा लिहायलाही नको. 'फॉर' लावून चार फेऱ्या सांगायच्या आणि फेरीतल्या ओळी चार जागा आत सरकवायच्या.

मग मी त्रिकोण काढायला गेलो. तिन्ही कोन ६०, म्हणून 'लेफ्ट ६०' लिहिले. बी.एस्सी. झालेला माणूस मी, आणि आकृती उघडीच राहिली! पुतणी हसली. "काका, अंगणात चालून बघा." चाललो, तेव्हा उमगले. नाक समोर असते, तिथून वळायचे असते. १८० वजा ६०, म्हणजे १२०.

त्यानंतर तिने आंब्याची बाग मांडली. दहा मीटरवर झाड, हेक्टरी १००. पेन उचलून 'डॉट', 'फॉरवर्ड २०', दहा वेळा. मग 'बॅक २००', वर वळून २० पुढे, पुन्हा उजवीकडे तोंड. फेरीच्या आत फेरी, जसे तासामागून तास. एका ओळीत झाडे दहा, पण मधली अंतरे नऊ. कुंपणाचे खांब मोजताना आपण हमखास चुकतो ते इथेच.

बारावीनंतर तिला संगणकच शिकायचा आहे. दादांचा नकार होता. बाग त्यांना दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "कोपऱ्यातली विहीर कुठाय?"

ती आता 'सर्कल' शिकते आहे.